ग्राफिंग टूल निवडताय? आधी ३० सेकंदांची ही टेस्ट घ्या

कोथरूडच्या आमच्या छोट्या ऑफिसात बिलिंगचा सर्व्हर दुपारी मधेच अडकायचा, काउंटरवरची मंडळी हाका मारायची आणि मी ग्राफ उघडला की सीपीयू २० टक्क्यांच्या आत, एकदम शांत. दोन आठवडे मी उगाच डेटाबेसवर संशय घेतला. खरं कारण म्हणजे आमचा मुनिन (सर्व्हरचे आकडे घेऊन ग्राफ काढणारं टूल) दर ५ मिनिटांनी आकडे घेतो. सीपीयू ३० सेकंद १०० टक्के आणि उरलेला वेळ १० टक्के असेल तर सरासरी येते १९, मग ग्राफवर काय दिसणार!

म्हणून टूल निवडताना ग्राफ देखणा आहे का हे नंतर बघा. आधी एखादं जुनं मशीन घ्या (चालू सर्व्हर नको, प्लीज), त्यावर मुनिन, तसंच दुसरं टूल नेटडेटा आणि तिसऱ्या टूलचा, म्हणजे प्रोमिथियसचा, नोड एक्स्पोर्टर (मशीनचे आकडे प्रोमिथियसला देणारा छोटा प्रोग्रॅम) टाका, आणि स्ट्रेस-एनजी या मुद्दाम लोड देणाऱ्या प्रोग्रॅमने सगळ्या कोअरवर ३० सेकंद लोड द्या. मग तिन्हीकडे बघा.

नेटडेटा दर सेकंदाला मोजतो, त्यामुळे तिथे सरळ भिंतीसारखा चढ दिसतो. सेटअपही जवळजवळ नाही, ब्राउझरमध्ये त्या मशीनचा पोर्ट १९९९९ उघडा की झालं. एकदोन मशीनच असतील तर मी हेच सांगीन.

प्रोमिथियसमध्ये मात्र थोडं डोकं लावावं लागतं. काही सेट केलं नाही तर तो मिनिटाला एकदाच आकडे घेतो, ते १५ सेकंदांवर आणा. आणि ग्राफानात (प्रोमिथियसच्या आकड्यांचे ग्राफ दाखवणारं टूल) क्वेरी लिहिताना नेटवरून उचललेलं ५ मिनिटांचं रेट (म्हणजे तेवढ्या वेळाची सरासरी) तसंच ठेवलंत तर परत तीच सरासरी, टूल बदलून उपयोग शून्य, १ मिनिटाचं ठेवा म्हणजे आपला झटका निदान ५५ टक्क्यांपर्यंत तरी दिसेल. बऱ्याच जणांना वाटतं ग्राफाना डेटा साठवतो, तसं नाहीये, तो फक्त काढून दाखवतो.

आता जुन्या डेटाचं. मुनिनच्या मागे आकडे साठवणारं आरआरडीटूल आहे, फाइल ठरलेल्या साइझचीच राहते, डिस्क कधी भरत नाही, पण ५ मिनिटांचे आकडे २ दिवसच टिकतात, पुढे अर्ध्या तासाचे, मग २ तासांचे, शेवटी दिवसाला एक. तरीही वर्षभराचा कल बघायला मला तो आवडतो. प्रोमिथियस आकडे असे दाबत नाही, पण न सांगता १५ दिवसच ठेवतो, तेव्हा रिटेन्शन (आकडे किती दिवस ठेवायचे ते सेटिंग) पहिल्याच दिवशी वाढवा आणि डिस्कही तेवढी ठेवा.

अजून एक, गुरुवारी लाइट जाते तेव्हा आमचं गोडाउनमधलं मशीन बंद पडतं. यूपीएसवरचा प्रोमिथियस त्याला विचारायला जातो, उत्तर नाही आलं की 'अप' (मशीन उत्तर देतंय का ते सांगणारा आकडा) शून्य अशी नोंद करतो, म्हणजे मशीन नेमकं किती वाजता गेलं ते शुक्रवारी सापडतं.

आम्ही शेवटी प्रोमिथियस आणि ग्राफाना ठेवलं, शिवाय बिलिंगच्या सर्व्हरवर नेटडेटा. तिथे पहिल्याच दुपारी दिसलं, बॅकअपची क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच सुरू होत होती.