तारेवर बसली तर भिंगरी, नाही बसली तर पाकोळी

स्टेशनच्या छपराखाली किंवा बिल्डिंगभोवती चिर्र चिर्र करत गोल फिरणारे काळे पक्षी दिसले की आपण लगेच स्वॅलो म्हणजे भिंगरी म्हणतो, पण मुंबईत बहुतेक वेळा त्या पाकोळ्या (स्विफ्ट) असतात, त्यांची चारही बोटं पुढे वळलेली त्यामुळे तारेवर बसताच येत नाही, फक्त भिंतीला लटकतात. तारेवर आरामात बसलेली दिसली तर ती भिंगरी.

आता कुठली ते बघायचं. डोकं तांबूस, पोट एकदम पांढरंशुभ्र आणि शेपटीतून दोन बारीक तारा निघालेल्या, तर ती तारवाली भिंगरी. पवई तलावासारख्या ठिकाणी पाण्याला घासून उडताना किडे पकडते, पुलाखाली चिखलाची अर्धी वाटी चिकटवून घरटं करते. तारा मात्र लांबून दिसतीलच असं नाही आणि कधीकधी तुटलेल्या पण असतात, म्हणून मी आधी गळाच बघतो: गळा तांबूस आणि खाली गडद पट्टा असेल तर ती हिवाळ्यात येणारी माळभिंगरी, तारवालीचा गळा पांढराच. आणि कमरेवर विटकरी पट्टा, पोटावर बारीक रेघा असतील तर लालबुडी. दुर्बीण नसेल तर मोबाईलवर फोटो काढून झूम करा, चालतं.