शाळेत अभिरूप विधानसभा भरवताय? आधी विरोधी पक्ष नीट बसवा

नववी-दहावीच्या पोरांची अभिरूप विधानसभा म्हटलं की बऱ्याच ठिकाणी काय होतं, सर स्क्रिप्ट लिहितात, पोरं पाठ करतात, मुख्यमंत्री झालेलं पोर जॅकेट घालून भाषण ठोकतं आणि टाळ्या. हे गॅदरिंग झालं. स्क्रिप्ट अजिबात देऊ नका.

50 पोरं धरा. चिठ्ठ्या टाकून तीन पक्ष करा, 20, 17 आणि 13 चे, नावं पोरांनाच ठेवू द्या (खऱ्या पक्षांची नकोत, पालक भांडायला येतात). बहुमत मुद्दाम कुणालाच नाही. राज्यपाल तुम्ही. बोलणी करायला दोन दिवस द्या आणि बघा 13 वाले कसा भाव खातात ते, 2019 नंतर आपल्याकडच्या पोरांना बहुमत चाचणी वेगळी शिकवावी लागत नाही म्हणा. मंत्री मात्र मुख्यमंत्री धरून सातच, कारण 2003 च्या घटनादुरुस्तीमुळे 15 टक्क्यांच्या वर जाता येत नाही (खऱ्या छोट्या राज्यांना 12 पर्यंतची सूट आहे, ती इथे विसरा), आपल्या 288 च्या सभागृहातही 43 च होतात. पहिली भांडणं इथेच लागतात, लागू द्या.

विरोधी पक्षनेता म्हणून वर्गातलं सगळ्यात खोचक पोर हवं, तिथे गरीब गाय बसवली की कार्यक्रम संपला. तारांकित प्रश्न (म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं ते) तीन दिवस आधी लेखी घ्या म्हणजे मंत्र्याला एसटी डेपोत नाहीतर ग्रामपंचायतीत जाऊन माहिती काढता येते. उपप्रश्न मात्र आयत्या वेळी, मंत्र्याला घाम फुटतो तो तिथेच. "मुलींना पास फुकट दिलात, पण सकाळची गाडीच येत नाही तर पास घेऊन करायचं काय?" असला एक प्रश्न आला की सभागृह पेटतं. "तू खोटं बोलतोस" चालणार नाही, "मंत्री महोदय सभागृहाची दिशाभूल करतायत" म्हणायचं, हे पोरांना एवढं आवडतं की पुढे आठवडाभर डबा खातानाही तेच चालू असतं.

सभात्याग एकदाच, नाहीतर अर्धा वर्ग ग्राउंडवर.

शेवटी एक छोटं विधेयक घ्या, आवाजी मतदान, कुणी मागितलंच तर डोकी मोजा. अध्यक्ष आधी मत देत नाही, समसमान झालं तरच देतो. त्या दिवशी एखादं पोर तापाने घरी राहिलं आणि काही पोरं पक्षातून फुटली तर 24-24 होऊ शकतं, आणि मग खुर्चीवरच्या पोराचा चेहरा बघा.