एका विधानसभेच्या मुदतीतील सदस्यांची यादी कशी तयार करावी

विधानसभेच्या एखाद्या मुदतीतील सदस्यांची यादी करायची म्हटली की निकालाच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र समोर घ्यावे आणि नावे उतरवून काढावीत, असे बहुतेकांना वाटते. त्या कागदावर एका दिवसाची स्थिती असते. पुढची पाच वर्षे त्यात येत नाहीत. महाराष्ट्राच्या चौदाव्या विधानसभेत, म्हणजे २०१९ ते २०२४ या काळात, जागा २८८ होत्या, पण त्या जागांवर निवडून आलेल्या व्यक्ती २९४ होत्या. स्थानिक दिवाळी अंकातील लेखासाठी, शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा पाणी, रस्ता, पुनर्विकास अशा प्रश्नांचा पाठपुरावा करताना अमुक तारखेला आपला आमदार कोण होता हे दाखवण्यासाठी अशी यादी लागते, आणि ती चुकली तर तिच्या आधारे मांडलेला मुद्दा पहिल्याच आक्षेपाला कोलमडतो. ठाणे जिल्हा आणि नवी मुंबई यांची उदाहरणे घेऊन ही यादी कशी करावी ते येथे सांगितले आहे. पद्धत राज्यातील कोणत्याही जिल्ह्याला लागू पडते.

सर्वांत आधी मुदतीच्या दोन्ही टोकांच्या तारखा पक्क्या कराव्यात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७२ प्रमाणे विधानसभेची पाच वर्षे तिच्या पहिल्या बैठकीसाठी ठरलेल्या तारखेपासून मोजली जातात. २०१९ साली मतदान २१ ऑक्टोबरला झाले आणि निकाल २४ ऑक्टोबरला लागले, पण सरकार स्थापन होईना, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली आणि सदस्यांचा शपथविधी २७ नोव्हेंबरला झाला. म्हणून त्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ पर्यंत होती. व्यक्तीच्या बाबतीत मात्र हिशेब वेगळा असतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार निवडणूक निर्णय अधिकारी ज्या दिवशी उमेदवाराला विजयी घोषित करतो, तीच त्याच्या निवडीची तारीख धरली जाते. त्यामुळे निवडीची तारीख, शपथेची तारीख आणि सदस्यत्व संपल्याची तारीख असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत. शपथेचा रकाना अनावश्यक वाटतो, पण एकाच सभागृहातील सर्वांची शपथ एकाच दिवशी होते असे नाही: पंधराव्या विधानसभेच्या वेळी ७ डिसेंबर २०२४ रोजी विरोधी बाकांवरील बहुतेकांनी शपथविधीवर बहिष्कार घातला आणि दुसऱ्या दिवशी शपथ घेतली.

प्रत्येक मुदत पाच वर्षांचीच असेल, हेही गृहीत धरू नये. १९७२ साली निवडून आलेली विधानसभा आणीबाणीमुळे १९७८ पर्यंत चालली, तर १९७८ ची १९८० मध्येच बरखास्त झाली. १९६० ते १९६२ या पहिल्या विधानसभेतील सदस्य तर १९५७ साली द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेवर निवडून आलेले होते. म्हणून १९६२ च्या निवडणुकीतून आलेली विधानसभा क्रमाने दुसरी ठरते, आणि येथे एक अंक चुकला की पुढचे सगळे क्रमांक चुकत जातात.

यानंतर जागांची चौकट तयार करावी आणि ती नावे भरण्यापूर्वी करावी, असा माझा आग्रह आहे. ठाणे जिल्ह्यात आज १८ मतदारसंघ आहेत. १३४ क्रमांकाच्या भिवंडी ग्रामीणपासून १५१ क्रमांकाच्या बेलापूरपर्यंत ते सलग येतात, आणि त्यांपैकी भिवंडी ग्रामीण व शहापूर अनुसूचित जमातींसाठी, तर अंबरनाथ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. परंतु २००९ च्या निवडणुकीची यादी उघडली तर ठाणे जिल्ह्यात २४ मतदारसंघ दिसतात, कारण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणूपासून वसईपर्यंतचे सहा मतदारसंघ तिकडे गेले. बाराव्या विधानसभेची मुदत तेव्हा चालू असल्यामुळे त्या सहा आमदारांचा जिल्हा मुदतीच्या शेवटच्या महिन्यांत बदलला. याहून मागे गेल्यास मतदारसंघच वेगळे होते: ऐरोली, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी आणि मुंब्रा-कळवा यांची निवडणूक नव्या पुनर्रचनेनुसार २००९ मध्ये प्रथम झाली. एकनाथ शिंदे २००४ साली ठाणे मतदारसंघातून आणि २००९ पासून कोपरी-पाचपाखाडीतून निवडून आले, याचे कारण ही पुनर्रचना लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही.

नवी मुंबईच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. महापालिकेच्या हद्दीला दोन मतदारसंघ आहेत. दिघा, घणसोली, कोपरखैरणे हा पट्टा ऐरोलीत येतो, आणि वाशी, नेरूळ, सीबीडी हा भाग बेलापूरमध्ये. खारघर, कामोठे, कळंबोली येथील रहिवासी आपला पत्ता नवी मुंबईचाच सांगतात, पण त्यांचा मतदारसंघ पनवेल आहे आणि उलव्याचा उरण. हे दोन्ही रायगड जिल्ह्यात मोडतात. ‘नवी मुंबईचे आमदार’ असे शीर्षक देणाऱ्याने आपण महापालिकेची हद्द धरली आहे की सिडकोने वसवलेले संपूर्ण शहर, हे यादीच्या माथ्यावरच लिहावे.

आता नावे. एकच व्यक्ती वर्तमानपत्रात एका नावाने आणि निवडणुकीच्या कागदपत्रांत दुसऱ्या नावाने आढळते. कल्याण ग्रामीणमधून २०१९ साली निवडून आलेले, त्या सभागृहातील महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे एकमेव आमदार सर्वांना राजू पाटील म्हणून ठाऊक आहेत. त्यांचे नाव प्रमोद रतन पाटील. अशा वेळी उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रातील, म्हणजे नमुना २६ मधील, पूर्ण नाव मुख्य रकान्यात घ्यावे आणि प्रचलित नाव शेजारी द्यावे. मतांचे आकडे द्यायचे असतील तर ते नमुना २० वरून, म्हणजे अंतिम निकालपत्रकावरून घ्यावेत. या तक्त्यात प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ असते, आडवे प्रत्येक उमेदवाराचे आणि नोटाचे रकाने असतात, आणि शेवटी यंत्रावरील मतांची बेरीज, त्याखाली टपाली मते व सर्वांत खाली एकूण अशा तीन ओळी येतात. घाईत वरची बेरीज उचलली जाते आणि टपाली मते निसटतात. बेलापूरला २०२४ मध्ये मंदा म्हात्रे ३७७ मतांनी विजयी झाल्या; इतक्या कमी फरकाच्या जागी ही चूक विजयाचे चित्रच बिघडवून टाकते. जुन्या निवडणुकांसाठी राज्य विधानमंडळाच्या सदस्यसूची आणि त्या काळातील वर्तमानपत्रांचे अंक पाहावे लागतात; ठाणेकरांना त्यासाठी १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेत चौकशी करता येईल.

मुदतीच्या मध्यात झालेले बदल नोंदवताना एक नियम कसोशीने पाळावा: जुनी ओळ पुसू नये, तिला शेवटची तारीख व कारण द्यावे आणि खाली नवी ओळ घालावी. चौदाव्या विधानसभेत ठाणे जिल्ह्यात एकही पोटनिवडणूक झाली नाही, त्यामुळे आपल्या १८ जागांना १८ ओळी पुरतात. शेजारच्या मुंबईत मात्र अंधेरी पूर्वला दोन लागतात. पहिल्या ओळीत रमेश लटके, शिवसेना, निवड २४ ऑक्टोबर २०१९, शेवट मे २०२२, कारण निधन. दुसऱ्या ओळीत ऋतुजा लटके, निवड ६ नोव्हेंबर २०२२, पोटनिवडणूक. आणि पक्षाच्या रकान्यात ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’, कारण मूळ नाव व चिन्ह निवडणूक आयोगाने त्याआधीच्या महिन्यात गोठवले होते. मधले जवळपास सहा महिने ती जागा रिकामी होती आणि यादीत ती रिकामीच दिसली पाहिजे. पंढरपूर, देगलूर, कोल्हापूर उत्तर, कसबा पेठ आणि चिंचवड या जागांवरही अशाच दोन-दोन ओळी येतात. उलट डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षेमुळे सुनील केदार यांचे सदस्यत्व गेले, तेव्हा सावनेरला दुसरी ओळ आली नाही. उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असल्यास पोटनिवडणूक बंधनकारक नसते.

सर्वांत जास्त काळजी पक्षाच्या रकान्याची घ्यावी लागते. २०१९ मध्ये ठाणे जिल्ह्यातून भाजपचे आठ, शिवसेनेचे पाच, राष्ट्रवादी काँग्रेसचे दोन, मनसे व समाजवादी पक्षाचा प्रत्येकी एक आणि मिरा-भाईंदरमधून अपक्ष गीता जैन असे १८ जण निवडून आले. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे पाचही आमदार एकनाथ शिंदे यांच्या बाजूने राहिले. त्यांनी पक्ष सोडला असे लिहिणे नोंदींशी जुळत नाही, कारण निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी पक्षाचे नाव व धनुष्यबाण त्याच गटाला दिले आणि १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही गटांतील कोणालाही अपात्र ठरवले नाही. दुसरीकडे, काहीच न लिहिता नुसते ‘शिवसेना’ ठेवले, तर महाराष्ट्राच्या राजकारणातील एवढी मोठी घटना यादीतून गायब होते आणि वाचकाची फसवणूक होते. म्हणून ‘निवडून येतानाचा पक्ष’ हा रकाना कायमचा बंद समजावा आणि त्याशेजारी ‘फुटीनंतरचा गट’ असा दुसरा रकाना करून त्यात तारीख आणि निर्णय देणारी यंत्रणा लिहावी. राष्ट्रवादीच्या दोन आमदारांची नोंदही याच रीतीने होईल: २ जुलै २०२३ नंतर शहापूरचे दौलत दरोडा अजित पवार यांच्यासोबत, मुंब्रा-कळव्याचे जितेंद्र आव्हाड शरद पवार यांच्यासोबत. ‘गद्दार’ किंवा ‘निष्ठावंत’ अशा विशेषणांना यादीत जागा नाही. ही यादी दोन्ही बाजूंच्या माणसाला हातात घेता आली पाहिजे, याबद्दल मी ठाम आहे.

विधान परिषदेचे सदस्य या यादीत मिसळू नयेत. परिषद बरखास्त होत नाही, तिचे सदस्य सहा वर्षांसाठी येतात आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक-तृतीयांश निवृत्त होतात. कोकण पदवीधर किंवा ठाणे स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाच्या प्रतिनिधींची नोंद त्यामुळे वेगळीच करावी लागते.

यादी पूर्ण झाल्यावर मुदतीच्या मधली एखादी तारीख घेऊन त्या दिवशी किती जागा भरलेल्या होत्या ते मोजावे. चौदाव्या विधानसभेसाठी ४ जुलै २०२२ ही तारीख चांगली आहे, कारण त्या दिवशी शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी संमत झाला. त्या दिवशी अंधेरी पूर्व ही एकच जागा रिकामी असल्याने आपल्या यादीत २८७ सदस्य निघाले पाहिजेत. २८८ निघाले, तर लटके यांच्या पहिल्या ओळीला शेवटची तारीख द्यायची राहिली आहे. २८६ निघाले, तर एप्रिल २०२२ मध्ये कोल्हापूर उत्तरमधून आलेल्या जयश्री जाधव यांची ओळ आधी तपासावी.