अवघड इंग्लिश शब्द पाठ नका करू, धातू पकडा

परदेशात पुढच्या शिक्षणासाठी द्यायची जीआरई परीक्षा, यूपीएससी नाहीतर ऑफिसच्या मेलसाठी व्होकॅब वाढवायची म्हणून लोक हजार शब्दांची पीडीएफ डाउनलोड करतात आणि ए अक्षर संपायच्या आत सोडून देतात. मला मनापासून वाटतं की मराठी मिडियमवाल्यांकडे यापेक्षा भारी हत्यार आहे, ते म्हणजे धातू, शब्दाचं मूळ, फक्त ते इंग्लिशला लावायचं असतं हे आपल्याला कुणी सांगत नाही. हार ला प्र लावला की प्रहार, सं लावला की संहार, वि लावला की विहार, हे आपण शाळेतच शिकलोय ना? इंग्लिशमधले ढिगाने अवघड शब्द लॅटिनमधून आलेत आणि तिथेही अगदी हेच चालतं.

स्पेक्ट घ्या, म्हणजे बघणं. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून बघणं, तपासणं. रेट्रो म्हणजे मागे, म्हणून रेट्रोस्पेक्ट म्हणजे मागे वळून बघणं, आपलं सिंहावलोकनच की. सर्कम म्हणजे भोवती, मग सर्कम्स्पेक्ट माणूस कोण, तर चारी बाजूंनी बघून मगच पाऊल टाकणारा. कॉन्स्पिक्युअस म्हणजे नजरेत भरणारं. आणि आपण रोज बोलतो तो 'स्पष्ट' हा शब्दही त्याच मुळाचा आहे! तसंच व्हर्ट म्हणजे वळणं, आपल्या परिवर्तन-आवर्तनमधला वर्त्, त्यातून कन्व्हर्ट, रिव्हर्ट, डायव्हर्ट. मॉर्ट म्हणजे मृत्यू, इम्मॉर्टल म्हणजे अमर. संस्कृतचा अभ्यास करणाऱ्या विल्यम जोन्स या ब्रिटिश न्यायाधीशाने १७८६ साली कलकत्त्यात हेच मांडलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्यासारख्या दिसतात.

पण आंधळेपणाने नको. हायवेवर टँकरच्या मागे हायली इन्फ्लेमेबल लिहिलेलं असतं, तिथे इन म्हणजे 'नाही' असं धरलं तर अर्थ बरोब्बर उलटा होतो, खरा अर्थ पटकन पेट घेणारं. म्हणून अंदाज आधी करा आणि डिक्शनरी लगेच उघडा.

सुरुवात कुठून करायची, तर ॲकॅडमिक वर्ड लिस्टपासून. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ती प्रसिद्ध केली, ५७० शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्याची सगळी रूपं) आहेत, ॲम्बिग्युअस, कोहिरंट, इन्हिबिट असे कुठल्याही गंभीर लेखात भेटणारे शब्द. हे पक्के झाल्याशिवाय जीआरईच्या दुर्मिळ शब्दांकडे जाऊच नका, पाया कच्चा राहतो.

आता वही. रोज इंग्लिश पेपरचा एक अग्रलेख वाचायचा आणि त्यातले फक्त पाचच शब्द घ्यायचे. डाव्या पानावर शब्द ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य, उजव्या पानावर आपल्या घरातलं वाक्य, म्हणजे रिलक्टंट (मनातून तयार नसलेला) असेल तर 'आजी मोबाईल बदलायला रिलक्टंट आहे' हे पूर्ण इंग्लिशमध्ये लिहायचं. नुसता मराठी अर्थ लिहिलात तर शब्द ओळखता येईल पण वापरता येणार नाही, कारण शब्दाची जोडी कुणाशी जमते ते वाक्यातूनच कळतं. आपण जोराचा पाऊस म्हणतो पण जोराचा चहा म्हणत नाही, कडक चहा म्हणतो, तसंच इंग्लिशमध्ये पाऊस हेवी आणि चहा स्ट्राँग. म्हणूनच थिसॉरसमधून, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशातून, उचललेला शब्द तसाच मेलमध्ये टाकू नका, फेमसच्या जागी नोटोरियस गेलं की कौतुकाची बदनामी होते.

उच्चार त्याच दिवशी ऐकायचा, डिक्शनरीच्या ॲपमध्ये स्पीकरचं बटण असतं. आपण स्पेलिंगवरून वाचतो आणि एपिटमीचं एपिटोम होतं, हायपर्बलीचं हायपरबोल, आणि एकदा जिभेवर चुकीचं बसलं की काढायला फार त्रास होतो.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. उजवं पान झाकून वाक्य आठवायचं, अडलात तर तो शब्द परत पहिल्या दिवसापासून. वही नको असेल तर ठरावीक दिवसांनी कार्डं दाखवून उजळणी घेणारं अँकी ॲप घ्या, अँड्रॉइडवर फुकट आहे, फक्त कार्डं दुसऱ्याची तयार उचलू नका, स्वतःच्या वाक्यांची बनवा.