नाव तेच, पण कोणाचे? सारख्या नावांच्या व्यक्ती आणि कंपन्या वेगळ्या ओळखण्याची रीत

मार्च २०२० मध्ये लोक घरात अडकले आणि झूम ही व्हिडिओ बैठकांची सेवा एकाएकी सर्वांच्या तोंडी आली, तेव्हा अमेरिकी शेअर बाजारात झूम टेक्नॉलॉजीज नावाच्या, जवळजवळ झोपलेल्या एका कंपनीचा भाव झपाट्याने चढू लागला. या कंपनीचा व्हिडिओ बैठकांशी काहीही संबंध नव्हता. मात्र तिचे बाजारातील संक्षिप्त चिन्ह ‘झूम’ हाच शब्द होता आणि लोकांना हव्या असलेल्या झूम व्हिडिओ कम्युनिकेशन्सचे चिन्ह होते ‘झेडएम’. अखेर अमेरिकेच्या रोखे नियामकाला तिच्या शेअरचे व्यवहार काही दिवस थांबवावे लागले. हा गोंधळ पहिलाच नव्हता. ऑक्टोबर २०१३ मध्ये ट्विटरने भांडवल उभारणीची कागदपत्रे जाहीर करताच, २००७ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या ‘ट्वीटर’ नावाच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानसाखळीचे कवडीमोल शेअर एका दिवसात दहापटीहून अधिक वधारले होते.

या खरेदीदारांना कोणी फसवले नव्हते. त्यांनी नाव पाहिले, ते जुळले आणि तपास तिथेच संपला. नाव जुळल्यानंतर काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि खात्री होत नसेल तर काय करावे, हे येथे सांगायचे आहे. शोध घेणारा, लिहिणारा, पैसे पाठवणारा आणि ज्याचे नाव आणखी कोणाचे तरीही आहे असा माणूस, या चौघांना ही रीत थोड्याफार फरकाने सारखीच उपयोगी पडते.

आधी नावाचे वजन ठरवावे

शोध सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून काढाव्यात. पहिली म्हणजे, नाव वगळता त्या व्यक्तीविषयी आपल्याला निश्चित काय ठाऊक आहे: जन्मसाल, व्यवसाय, कोणत्या काळात कुठे वास्तव्य होते, कोणाबरोबर काम केले. दुसरी म्हणजे ते नाव किती प्रचलित आहे याचा अंदाज. दक्षिण कोरियात साधारणपणे पाचांतील एका माणसाचे आडनाव किम असते, त्यामुळे तिथे आडनाव आणि नावाचे आद्याक्षर एवढेच जुळले तर त्याला पुरावा म्हणून जवळजवळ काहीच किंमत देता येत नाही.

अनवट नावाच्या बाबतीत माणूस वेगळ्या रीतीने फसतो. ‘असे नाव दुसऱ्या कोणाचे असणार?’ असे वाटून आपण निर्धास्त होतो. परंतु दुर्मीळ नावे बहुधा एकाच घराण्यात पुन्हा पुन्हा ठेवली जातात, आणि म्हणून ती नावे धारण करणाऱ्यांचे गाव, आडनाव आणि पुष्कळदा व्यवसायही एकच असतो. योहान स्ट्राउस हे नाव घ्या. वडील (१८०४ ते १८४९) आणि मुलगा (१८२५ ते १८९९) दोघेही व्हिएन्नाचे, दोघेही संगीतकार, दोघेही वॉल्ट्झसाठी प्रसिद्ध. मुलाने १८४४ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, म्हणजे पुढची चार-पाच वर्षे एकाच शहरात त्याच नावाचे दोन वाद्यवृंदचालक होते. त्या वर्षांतील एखाद्या कागदावर नुसते नाव असेल, तर शहर, पेशा आणि साल हे तिन्ही जुळूनही निर्णय होत नाही. याउलट तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन (१५६१ ते १६२६) आणि चित्रकार फ्रान्सिस बेकन (१९०९ ते १९९२) यांच्यात गल्लत करणे कठीण आहे, कारण त्यांच्यामध्ये जवळजवळ तीन शतके आहेत.

लिपी बदलताना नामसाधर्म्य नव्याने निर्माण होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रमा, रामा आणि राम ही तीन नावे रोमन लिपीत एकाच स्पेलिंगमध्ये कोंबली जाऊ शकतात, तर इंग्रजीत दोन वेगळ्या प्रकारे लिहिली जाणारी आडनावे देवनागरीत ‘स्टुअर्ट’ अशी एकच होऊन बसतात. म्हणून नाव शक्यतो मूळ लिपीत पाहावे आणि शोध घेताना सर्व संभाव्य स्पेलिंगे वापरावीत.

दुजोऱ्यापेक्षा विसंगती शोधावी

माझ्या मते या कामातील सर्वांत महत्त्वाची सवय हीच आहे. आपल्याला हवा असलेला माणूस सापडला असे वाटले की मन त्याला पुष्टी देणारे तपशील गोळा करू लागते: हाही अभियंता, हाही त्याच शहरातला. परंतु असे तपशील एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एका भागात एक आडनाव आणि एक धंदा एकत्र आढळणे ही नेहमीची गोष्ट आहे. उलट एकच पक्की विसंगती प्रश्न निकाली काढते. जो माणूस १९८० मध्ये वारला तो १९९५ मध्ये संचालक होऊ शकत नाही.

यासाठी कागदाचे दोन उभे भाग करावेत आणि ‘पहिला’, ‘दुसरा’ अशी तात्पुरती नावे देऊन प्रत्येक माहिती सालासह, आणि ती कुठून मिळाली त्या उल्लेखासह, योग्य रकान्यात मांडावी. एखादी माहिती रकान्यात घालण्यास नावाखेरीज निदान एक दुवा हवा. असा दुवा नसेल तर ती माहिती बाजूला, तिसऱ्या रकान्यात ठेवावी. हा तिसरा रकाना बराच भरतो आणि तो भरलेलाच राहू द्यावा. छायाचित्रांवर तर मुळीच विसंबू नये, कारण शोधयंत्रे आपोआप तयार करीत असलेल्या परिचय-चौकटींत एकाचे चरित्र आणि दुसऱ्याचा चेहरा एकत्र येणे ही सर्रास घडणारी चूक आहे.

केवळ नावावर विसंबण्याची किंमत किती असू शकते, हे अमेरिकेतील एका खटल्यात दिसले. ट्रान्सयुनियन ही पतविषयक माहिती पुरवणारी कंपनी ग्राहकांची नावे दहशतवादी, अमली पदार्थांचे तस्कर आदींच्या सरकारी निर्बंध यादीशी ताडून पाहत होती आणि त्यासाठी केवळ नाव व आडनाव वापरत होती. २०११ मध्ये मोटार घ्यायला गेलेल्या एका ग्राहकाला, त्याचे नाव या यादीतील नावाशी जुळते असे सांगून, विक्रेत्याने मोटार विकण्यास नकार दिला. त्याने लावलेल्या सामूहिक दाव्यात अशाच प्रकारे जुळवल्या गेलेल्या ८,१८५ व्यक्ती निघाल्या; सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांपैकी, ज्यांचे चुकीचे अहवाल त्रयस्थांकडे गेले होते त्या १,८५३ जणांचाच नुकसानभरपाई मागण्याचा हक्क मान्य केला. जन्मतारीख ताडून पाहिली असती तरी यातील बहुतेक घोळ टळण्यासारखा होता.

जिथे क्रमांक उपलब्ध आहे तिथे नावाऐवजी क्रमांक धरावा. संशोधकांसाठी २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा १६ अंकी ओळखक्रमांक आहे. लेखक, कलावंत आणि अन्य निर्मात्यांसाठी ‘आयएसएनआय’ हाही १६ अंकीच. ग्रंथालये नावापुढे जन्ममृत्यूची साले जोडतात ती याच कारणासाठी. मात्र क्रमांकामुळे नोंद कोणती हे ठरते. समोर आलेला माणूस त्या नोंदीचाच धनी आहे की नाही, हे वेगळे पाहावे लागते.

कंपन्यांचे नामसाधर्म्य

माणसांची नावे बहुधा योगायोगाने जुळतात. कंपन्यांच्या बाबतीत योगायोग हे अनेक कारणांपैकी एक असते, म्हणून नाव का जुळते आहे हे आधी शोधणे फायद्याचे ठरते. डेल्टा या साध्या शब्दाने एक विमान कंपनी ओळखली जाते आणि नळ बनवणारी एक कंपनीही. त्यांचा एकमेकींशी संबंध नाही आणि भांडणाचे कारणही नाही. व्यापारचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय नीस वर्गीकरणात वस्तूंचे ३४ आणि सेवांचे ११ असे ४५ वर्ग आहेत, आणि ग्राहकाची दिशाभूल होत नसेल तर वेगवेगळ्या वर्गांत तेच नाव दोघांना वापरता येते. अर्थात कंपन्या आपल्या वर्गात स्वस्थ बसून राहत नाहीत. बीटल्सच्या ॲपल कोअर या कंपनीने १९७८ मध्ये ॲपल कॉम्प्युटरवर दावा लावला आणि १९८१ मध्ये, संगणकवाल्यांनी संगीताच्या धंद्यात उतरू नये या अटीवर, तो मिटला. पण पुढे संगणकच गाणी वाजवू आणि विकू लागले. त्यामुळे हा वाद १९९१ मध्ये पुन्हा मिटवावा लागला आणि तो कायमचा संपायला २००७ उजाडले.

दुसरा प्रकार एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्यांचा आहे आणि तो अधिक फसवा असतो, कारण दोन्ही बाजूंचा इतिहास खरोखरच एक असतो. जर्मनीतील डार्मश्टाट येथील मर्क १६६८ पासून चालत आली आहे. तिची अमेरिकी शाखा पहिल्या महायुद्धाच्या काळात तिच्यापासून तुटली, आणि आज त्या दोन पूर्णपणे वेगळ्या औषध कंपन्या आहेत. अमेरिकी कंपनी अमेरिका व कॅनडाबाहेर ‘एमएसडी’ या नावाने वावरते. रोल्स-रॉईसची विमान इंजिने एक कंपनी बनवते आणि त्याच नावाच्या मोटारी बीएमडब्ल्यूच्या मालकीची दुसरी. व्होल्व्होच्या मोटारींचा विभाग १९९९ मध्ये फोर्डला विकला गेला आणि २०१० मध्ये चीनच्या गीलीकडे गेला. ट्रक बनवणारी व्होल्व्हो वेगळीच राहिली. अशा कंपन्यांविषयी वाचताना बातमी कोणत्या सालातली आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरा प्रकार एकाच समूहातील कंपन्यांचा. मूळ कंपनी, तिच्या उपकंपन्या आणि भागभांडवल धारण करणारी कंपनी यांच्या नावांत एखाद्याच शब्दाचा फरक असतो, आणि करारावर सही कोणी केली, देणे कोणाचे आहे, हे त्या एका शब्दावर ठरते. म्हणून कंपनीचे बोलण्यातले नाव सोडून तिचे पूर्ण कायदेशीर नाव, शेवटच्या ‘लिमिटेड’सारख्या शब्दासह, करारातून किंवा बिलावरून उतरवून घ्यावे. नंतर ते ज्या देशात नोंदले आहे तिथल्या नोंदणी दफ्तरात शोधून नोंदणी क्रमांक, स्थापनेची तारीख आणि नोंदणीकृत पत्ता पाहावा. ‘पन्नास वर्षांची परंपरा’ सांगणारी कंपनी गेल्या वर्षी नोंदलेली निघाली, तर बहुधा आपण दुसऱ्याच कंपनीशी बोलत आहोत. वित्तीय व्यवहार करणाऱ्या अनेक संस्थांना ‘एलईआय’ हा २० अक्षरांकांचा जागतिक क्रमांक असतो आणि तो कोणालाही विनामूल्य तपासता येतो. शेअर घेताना चिन्ह, बाजार आणि ‘आयएसआयएन’ हा त्या शेअरचा १२ अक्षरांकांचा ओळखक्रमांक असे तिन्ही ताडावेत.

पैसे पाठवताना खातेदाराचे नाव जुळले एवढ्यावर थांबू नये. खाते क्रमांकाची खात्री आपल्याकडे आधीपासून असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर करावी. ज्या पत्रातून खाते क्रमांक आला त्याच पत्रात दिलेल्या क्रमांकावर करू नये.

लिहिताना

नामसाधर्म्य असलेल्या व्यक्तीचा पहिला उल्लेख करताना व्यवसाय किंवा जन्मसाल द्यावे आणि पुढे नुसते नाव वापरावे; प्रत्येक वाक्यात खुलासा केला की वाचक कंटाळतो. गुन्ह्याच्या किंवा आर्थिक गैरव्यवहाराच्या बातमीत मात्र वय आणि व्यवसाय हे तपशील अनिवार्य समजावेत, आणि त्याच नावाची दुसरी कोणी व्यक्ती किंवा कंपनी परिचित असेल तर तिचा या प्रकरणाशी संबंध नाही असे स्पष्ट लिहावे. तो एका ओळीचा खुलासा निष्पाप माणसाचे बरेच हाल वाचवतो.

दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत की नाहीत हे ठरत नसेल, तर त्या वेगळ्याच ठेवाव्यात. वेगळ्या नोंदी पुढे केव्हाही एकत्र करता येतात; एकदा एकत्र झालेल्या नोंदींतून कोणते वाक्य कोणाचे होते हे निवडून काढणे मात्र महाकठीण.

आपलेच नाव दुसऱ्याचे असेल तर

१८९९ मध्ये विन्स्टन चर्चिल या तरुण इंग्रज लेखकाच्या ध्यानात आले की अमेरिकेत याच नावाचा, त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि त्या वेळी अधिक गाजलेला कादंबरीकार आहे. त्याने त्याला सौजन्याने पत्र लिहिले आणि आपण यापुढे ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ अशी सही करू, असे कळवले. कादंबरीकाराने उत्तर दिले की आपल्याला आणखी एखादे नाव असते तर आपणही ते जोडले असते. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या या माणसाच्या पुस्तकांवर मधले अक्षर आले ते या पत्रव्यवहारामुळे. इंग्रजी चित्रपट आणि संगीताच्या जगात नाव बदलणेही रूढ आहे: मायकेल कीटनचे जन्मनाव मायकेल डग्लस होते आणि डेव्हिड बोवीचे डेव्हिड जोन्स, पण ती दोन्ही नावे आधीच दुसऱ्या कलावंतांनी गाजवलेली होती.

सामान्य माणसाला एवढे करण्याची गरज नसते. मधले नाव किंवा आद्याक्षर धरून नावाचे एक रूप लवकर ठरवावे आणि पदवीपासून पारपत्रापर्यंत सर्वत्र तेच वापरावे. एका ठिकाणी आद्याक्षर, दुसरीकडे पूर्ण नाव असे केल्यास यंत्राच्या लेखी आपणच दोन माणसे होतो. नवी कंपनी काढणाऱ्याने नोंदणी दफ्तर, व्यापारचिन्हांची नोंदवही आणि संकेतस्थळांची नावे तर पाहावीतच, शिवाय नाव मोठ्याने उच्चारून सारखे ऐकू येणारी नावेही शोधावीत.

चुकून दुसऱ्याच्या नोंदीशी जोडले गेल्यास तोंडी तक्रारीवर भागवू नये. नोंद ज्या संस्थेकडे आहे तिला लेखी कळवावे, जन्मतारखेसारखी विसंगती सिद्ध करणारा कागद जोडावा आणि आपण ती व्यक्ती नाही अशी खूण नोंदीत करण्याची मागणी करावी. अमेरिकी सिनेटर एडवर्ड केनेडी यांनाही २००४ मध्ये विमानतळांवर वारंवार अडवले गेले होते, कारण ‘टी. केनेडी’ हे नाव संशयितांच्या यादीत होते. आज त्या देशात अशा प्रवाशांना तक्रार निवारणानंतर एक स्वतंत्र क्रमांक दिला जातो आणि तिकीट काढतानाच तो भरता येतो. असा निर्णय हाती पडला की त्याची प्रत पारपत्राबरोबर ठेवावी, कारण पुढच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याला पहिल्या खिडकीवर काय झाले ते ठाऊक नसते.