मुस्तफा नाही तर नाही, बाकीचे आर्केड गेम घरच्या टीव्हीवर कसे आणायचे

आधीच सांगतो, मुस्तफा शोधत बसू नका. मुस्तफा म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम या जपानी कंपनीचा 1993 चा पार्लरमधला गेम, कॉमिकवर बेतलेला, वर नावातच गाडीच्या कंपनीचं नाव, त्यामुळे हक्कांचा गुंता असा की आर्केडवाला गेम आजवर कुठल्याच कन्सोलवर अधिकृत आलेला नाही. पण अगदी आशा सोडू नका, कॅपकॉमच्याच त्याच वर्षीच्या पनिशरची पण आर्केडवाली आवृत्ती अशीच अडकलेली आणि 2024 मध्ये कॅपकॉमच्या मार्वल गेमच्या कलेक्शनमधून आली ना बाहेर.

तोवर जे आपल्याकडच्या पार्लरमध्ये फारसं दिसलंच नाही ते बघा. कॅपकॉम बीट एम अप बंडल (2018, चालत चालत मारामारी करायच्या गेमचा संच) घ्या, त्यात आर्मर्ड वॉरियर्स आणि बॅटल सर्किट हे दोन गेम पहिल्यांदाच घरच्या कन्सोलवर आले. बॅटल सर्किट चार जण खेळू शकतात आणि त्यातली पात्रं थेट दशावतारात उभी करावी अशी, एक हिरवं झाडासारखं कायतरी, एक गुलाबी शहामृग आणि त्याच्या पाठीवर छोटी पोरगी. गणपतीत चाकरमानी आले की घरात पोरांचा जो गोंधळ असतो त्याला हाच लावा. पैसे घालायच्या आधी नुसतं चाखून बघायचं असेल तर कॅपकॉम आर्केड स्टेडियम फुकटात उतरतं, सोबत 1943 हा विमानांचा गेम मिळतो. आणि खरा खजिना हवा असेल तर हॅमस्टर या जपानी कंपनीची आर्केड आर्काइव्ह्ज मालिका, 2014 पासून चालू आहे, कोणाला आठवत पण नाहीत असले गेम ते एकेक करून काढतात. स्टोअरमध्ये मालिकेच्या नावाने शोधा, कारण आपण पोरांनी ठेवलेली नावं तिथे चालत नाहीत.

आता सेटिंग, इथे बहुतेक जण माती करतात.

गेम चालू झाला की पहिलं काम, चित्र टीव्हीभर ताणलेलं असेल तर ते बंद करा. जुनी मशीन 4:3 ची (रुंदी चार भाग तर उंची तीन), ताणलं की सगळे हिरो जाडे दिसतात. स्क्रीन सेटिंगमध्ये डॉट बाय डॉट (गेमचा प्रत्येक ठिपका चौकोनीच दाखवायचा) असा ऑप्शन दिसला की लोक खूश होतात की हेच ओरिजिनल, पण कॅपकॉमच्या त्या जमान्यातल्या बोर्डांचं चित्र 384 बाय 224 पिक्सेलचं असायचं आणि मशीनची काच ते दाबून 4:3 मध्ये दाखवायची, म्हणजे डॉट बाय डॉट केलं की पुन्हा जाडेच. तर 4:3 च ठेवा. मग उंची बघा, 1080 च्या टीव्हीवर 224 ची बरोब्बर चौपट म्हणजे 896, वरखाली थोडी काळी पट्टी राहते पण आडव्या ओळी सारख्या जाडीच्या येतात, पूर्ण उंची भरली की काही ओळी जाड काही बारीक आणि स्क्रीन सरकताना पाण्यासारखं थरथरतं. मला पट्टी चालते, घरच्यांना चालत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. 1943 सारखे उभे गेम आडव्या टीव्हीवर मधेच चिंचोळे दिसणार, जुना कॉम्प्युटर मॉनिटर स्टँडवर फिरत असेल तर तो उभा करा आणि गेममधून चित्र पण फिरवा. भिंतीवरच्या टीव्हीला हात लावू नका प्लीज.

दुसरं, टीव्हीचा गेम मोड ऑन. एक फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र 16.7 मिलिसेकंदाचं असतं, टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात पाच-सहा फ्रेम खातो आणि मग पोरं म्हणतात बटण दाबलं तरी उडी लागत नाय.

आर्केड स्टिक (पार्लरसारखा दांडा आणि बटणं असलेला कंट्रोलर) घेतलीत तर समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ती हॉलमध्ये उघडी टाकू नका, खारा वारा आतल्या स्विचचे पत्रे खातो आणि मग बटण एकदा लागतं एकदा नाय. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, कधी झाड तारेवर पडेल सांगता येत नाही, म्हणून आर्केड स्टेडियममध्ये सेव्ह स्टेट (खेळ आहे तिथेच जपून ठेवायची सोय) आहे ते दर बॉसच्या आधी मारत चला, इन्व्हर्टरवर टीव्ही आणि कन्सोल दोन्ही असतील तर उत्तमच.

बाजारात टीव्हीला लावायची हजारो गेमवाली स्वस्त स्टिक मिळते ती घेऊ नका. गेम चोरीचे ते आहेच, शिवाय चित्र ताणलेलं, बटण उशिरा आणि वर सांगितलेलं एक पण सेटिंग त्यात सापडत नाही.