गच्चीवरून अंतराळ स्थानक कसे पाहावे

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही. ताशी सुमारे २७,६०० किलोमीटर वेगाने जाणारा ठिपका तिच्यात पकडता पकडता अख्खी फेरी निघून जाते. लागते ते वेळापत्रक. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ या मोफत अ‍ॅपवर आपले ठिकाण दिले की पुढील फेऱ्यांच्या वेळा, दिशा आणि कमाल उंची कळते.

यांपैकी उंची आधी पाहावी. ती किलोमीटरमध्ये नसते, क्षितिजापासूनच्या अंशांत असते. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरत असले, तरी ते दहा अंशांवर दिसते तेव्हा आपल्यापासून सुमारे १,४०० किलोमीटर दूर असते. म्हणजे फिकट, आणि शहरात तर समोरच्या इमारतीआडच. चाळीस अंशांखालच्या फेरीसाठी जिने चढू नयेत, असे माझे मत आहे. अंश मोजायला हात ताठ करून मूठ डोळ्यांसमोर धरावी. तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. पडताळा हवा असल्यास ध्रुवतारा पाहावा, तो महाराष्ट्रातून क्षितिजाच्या वर जवळपास दोन मुठींवर असतो.

स्थानक चमकते ते त्याच्यावर पडलेल्या उन्हामुळे. आपल्याकडे अंधार आणि वर ऊन, हा योग सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयापूर्वीच्या साधारण दीड-दोन तासांतच येतो. पावसाळ्यात ढगांपुढे इलाज नाही. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २६ जून २०२५ रोजी स्थानकावर पोहोचले तेही ऐन पावसाळ्यातच.

दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी दिवे मालवून पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे अ‍ॅप सांगेल त्याप्रमाणे नैऋत्येकडे किंवा वायव्येकडे, तोंड करून उभे राहावे. लाल-हिरवे दिवे लुकलुकत असतील तर ते विमान. स्थानकाचा प्रकाश पांढरट, स्थिर असतो आणि ते नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते.

संध्याकाळच्या फेरीत ते पुष्कळदा पूर्वेच्या क्षितिजापर्यंत पोहोचतच नाही. आकाश निरभ्र असताना मध्येच विझते, तेव्हा ते ढगाआड गेलेले नसते, पृथ्वीच्या सावलीत शिरलेले असते. त्या शेवटच्या काही सेकंदांत नजर हलवू नये: ठिपका आधी तांबूस होतो, मग मंदावतो आणि दिसेनासा होतो. वरच्या माणसांचा सूर्य त्या क्षणी मावळलेला असतो. साधारण अर्ध्या तासाने तो त्यांच्यासाठी पुन्हा उगवतो.